आश्विनातलं गवत आणि रे रोडचं बंदर



मुंबईच्या हार्बर लाइनवर रे रोड नावाचं एक स्टेशन आहे. १२ डिसेंबर १९१० रोजी ही लाइन कुर्ल्याहून सुरू झाली, तेव्हा गाडी इथंच येऊन थांबत असे. पुढं बोरीबंदरापर्यंत ती गेली १९२५ साली, विजेच्या गाड्यांबरोबर. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचं नाव या स्टेशनाला मिळालेलं आहे. स्टेशनातून पूर्वेला समुद्राच्या बाजूला उतरलात, की एकामागून एक बंदरांची नावं लागतात. लकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर. मध्येच दारूखाना. इथली दारू म्हणजे बंदुकीची दारू बरं का, नाहीतर नाव ऐकून भलताच समज व्हायचा. आणि याच रांगेत, शिवडीच्या अंगाला, एक ‘हे बंदर’ आहे.

हे बंदर म्हणजे कोणतं बंदर, असं नवखा माणूस विचारील. पण इथला ‘हे’ मराठीतला नव्हे. वाळवून साठवलेल्या गवताला इंग्रजीत ‘हे’ म्हणतात. तेव्हा हे झालं गवताचं बंदर. लाकूड, कोळसा, कौलं, बंदुकीची दारू आणि वाळलेलं गवत, सगळा माल अवजड, धुळीचा आणि बहुतेक पेट घेणारा. असला माल शहराच्या मध्यभागी कोण ठेवून घेणार? म्हणून तो या पूर्व किनाऱ्याच्या टोकाला उतरत असे. आता तिथं गवताचा व्यापार उरलेला नाही. नाव तेवढं राहिलं, आणि तेही असं की ऐकणाऱ्याला अर्थ लागू नये.

आजच्या भाषणाचा विषय हे गवत आहे. मुंबईसारख्या शहराला गवताचं काय एवढं, असं तुम्हांला वाटेल. खेड्यातल्या माणसाला गुरांच्या वैरणीचं महत्त्व सांगायला नको; पण शहरसुद्धा एके काळी वैरणीवर चालत असे, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारशी येत नाही. गिरण्या येतात, गोद्या येतात, रेल्वे येते. गवत येत नाही.

आता असं पाहा. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली, ती घोड्यांची. कंपनीजवळ सुरुवातीला २० गाड्या आणि २०० घोडे होते. १९०५ साली घोड्यांची ट्राम बंद झाली, तेव्हा गाड्या ९० आणि घोडे १,३६० झाले होते. एका घोड्याला दाण्याशिवाय रोज १५ रत्तल वाळलं गवत लागतं असं आपण धरू. रत्तल म्हणजे पौंड, सुमारे ४५३ ग्रॅम. म्हणजे नुसत्या ट्रामच्या घोड्यांना रोज २०,४०० रत्तल गवत, जवळजवळ सव्वानऊ टन. शिक्षक बंधूंना हे गणित वर्गात घालता येईल. ५०० रत्तलांचा एक वाटा धरला, तर रोज ४१ वाटे आणि वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. हा ५०० रत्तलांचा वाटा ध्यानात ठेवा, पुढं त्याचं काम पडणार आहे.

ट्राम ही झाली एक गिऱ्हाईक. याशिवाय भाड्याच्या व्हिक्टोरिया, मालाच्या गाड्या ओढणारे बैल, लष्कराची आणि पोलिसांची घोडी, शेटजींच्या बग्ग्या. परळला १८८६ मध्ये जनावरांच्या वैद्यकीचं कॉलेज निघालं, ते काही शोभेसाठी नव्हे. शहरात तेवढी जनावरं होती. आणि सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे म्हशींचे तबेले. दूध तेव्हा बाहेरगावाहून येत नसे. म्हैसच शहरात आणून बांधायची आणि तिचा चारा बाहेरून आणायचा, अशी रीत होती. १९०७ साली विजेची ट्राम आली, मोटारी आल्या, तसे घोडे कमी होत गेले. म्हशी मात्र वाढतच गेल्या, कारण माणसं वाढत होती. १९४१ च्या खानेसुमारीत मुंबई बेटाची वस्ती १५ लाखांच्या आत होती, १९५१ मध्ये ती २३ लाखांवर गेली. त्या माणसांच्या चहातलं दूध म्हणजे शेवटी कुठल्यातरी माळावरचं गवतच.

तो माळ कुठला? ठाणे जिल्ह्यातला, उत्तरेकडचा त्याचा भाग १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा झाला आहे. डहाणू, तलासरी, पालघर, वाडा, जव्हार, आणि पलीकडे आज गुजरातेत असलेले उंबरगाव, पारडी, धरमपूर. किनाऱ्याची सखल पट्टी ओलांडली की टेकड्यांचे उतार लागतात. त्या जमिनीला आपल्याकडे वरकस म्हणतात. खाचरात भात, वरकसावर नाचणी, वरी नाहीतर गवत. पावसाळ्यात इथं दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि चांगल्या वर्षी भाद्रपद संपता संपता सगळा माळ माणसाच्या कमरेला लागेल एवढा वाढतो. न नांगरता, न पेरता, न खत घालता.

आता गवताची एक खोड सांगतो. कापणाऱ्याला ती ठाऊक असते, विकत घेणाऱ्याला अर्धीच ठाऊक असते. श्रावणातलं गवत हिरवंगार दिसतं, पण त्यात पाणीच फार. ते कापून वाळवायला जावं तर वर पाऊस. गवताला तुरे आले, की त्यात कस भरतो. उत्तरा नक्षत्र सरून हस्ताचा पाऊस संपत येतो, सप्टेंबर उतरतो, ऑक्टोबर लागतो, तीच कापणीची खरी वेळ. शेडा, पवना, मारवेल ही चांगली गवतं याच वेळी कापायची. चार-सहा दिवस इकडेतिकडे चालतात. पण महिना गेला, की बी गळतं, काडी कडक होते, आणि जनावर ते तोंडात धरून टाकून देतं. कुसळी गवताचं तर आणखी अवघड. त्याची कुसळं पिकली म्हणजे ती जनावराच्या तोंडात टोचतात, मेंढरांच्या कातडीत शिरतात. म्हणून पिकण्याआधी विळा चालला पाहिजे.

आणि कापलं म्हणजे झालं, असंही नाही. आश्विनातल्या उन्हात ते दोन-तीन दिवस पसरायचं, उलटंपालटं करायचं, मग पेंढ्या बांधायच्या, भारे करायचे, वाहून न्यायचे, गंजी रचायची. ओलं गवत गंजीत गेलं तर आतल्या आत तापतं, कुजतं, प्रसंगी पेटतंही. वाळल्यावर वजनही उतरतं. सडसडीत दिसणाऱ्या आश्विनातल्या गवतातही निम्म्याहून अधिक पाणी असतं. शंभर रत्तल कापलं, तर गंजीत जाताना ते पन्नासाच्या आसपासच भरतं. मजुरी वजनावर असेल, तर ते वजन ओल्याचं की सुक्याचं, काटा कुणाचा आणि धरणारा हात कुणाचा, हे प्रश्न मजुरीच्या आकड्याएवढेच मोठे असतात. वजनमापाचा हिशेब ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तर अधिकच मोठे.

हा हिशेब कुणाला वाचता येत नव्हता? माळावर गवत कापत ते वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, कातकरी. यांतले पुष्कळ जण एके काळी त्याच जमिनी कसणारे. १८६४ मध्ये मुंबईपासून गुजरातेत जाणारी रेल्वे या मुलखातून धावू लागली, आणि जंगलाच्या लाकडाला, माळाच्या गवताला शहराचा भाव मिळू लागला. गवताला भाव आला तसा जमिनीलाही आला. कर्जापायी, कागदावरच्या अंगठ्यापायी, जमिनी सावकार आणि जमीनदारांकडे गेल्या. मूळचा माणूस तिथंच राहिला, पण मजूर म्हणून किंवा वेठीचा गडी म्हणून. वेठ म्हणजे मोबदला न देता करून घेतलेलं काम. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवराबायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचं. याला लग्नगडी म्हणत. किती वर्षं राबायचं, याचा हिशेब सावकाराच्या वहीत. मुंबई सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३०-४० च्या दशकाच्या अखेरीस या भागाची पाहणी करून अहवाल लिहिला, त्यात हे सगळं नोंदलेलं आहे. सरकारी अधिकाऱ्याच्या हातून लिहिलं गेलेलं, म्हणून अतिशयोक्ती म्हणून बाजूला सारता येणार नाही.

जमीनदाराच्या बाजूनं पाहिलं तर गवत हे फार सोयीचं पीक. बी नको, नांगर नको, बैल नकोत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कूळ नको. भाताच्या खाचरावर माणूस वर्षानुवर्षं राबला तर पुढं तो हक्क सांगतो. गवत कापणारा तीन आठवड्यांसाठी येतो आणि जातो. त्याचं नाव कुठल्याही उताऱ्यावर चढत नाही. पुढं १९४८ चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणाऱ्याला जमिनीचा मालक करण्यात आलं. पण ज्यानं नांगर धरला त्याला कायद्यानं हात दिला. ज्यानं विळा धरला त्याच्यासाठी त्यात फारशी जागा नव्हती. माझ्या मते उत्तर कोकणाच्या शेतीच्या इतिहासातली ही मोठी गाठ आहे, आणि ती अजून नीट सोडवून दाखवलेली नाही.

तीन आठवडे म्हटलं, पण ते तीन आठवडे कुणाचे? हेही पाहिलं पाहिजे. चांगल्या पावसाच्या वर्षी माळावर गवत उभं राहतं, त्याच दिवसांत खाली खाचरात हळवं भातही पिकतं. हळवं भात म्हणजे लवकर येणारं, दसऱ्याच्या सुमारास कापणीला येणारं. गरिबाच्या घरी तेच आधी लागतं, कारण आषाढ-श्रावणापासून कणगी रिकामी असते. कंदमुळं खाऊन, उधार धान्य आणून पावसाळा काढलेला असतो, आणि आता स्वतःच्या तुकड्यावर चार पायली भात उभं आहे. नेमक्या त्या वेळी मालकाचा माणूस दारात येतो: माळावर चला. आपलं भात गळून जाईल, पाखरं खातील, पण मालकाचं गवत थांबायचं नाही. पाऊस चांगला झाला म्हणजे सगळ्यांचं भलं होतं, असं आपण सहज बोलून जातो. त्या माळावर चांगल्या पावसाचा अर्थ असाही होता की कामाचा बोजा वाढला, आणि स्वतःच्या भाताचा वेळ गेला.

आणि गवतात साप. कोकणातलं फुरसं दगडाच्या आडोशाला, गवताच्या बुडाशी बसलेलं असतं. विळा चालवणारा हात नेमका तिथंच जातो. याला एक चमत्कारिक जोड आहे. परळच्या हाफकिन संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर उतारा ठरणारी लस तयार होऊ लागली, ती घोड्यांच्या रक्तापासून. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं आणि त्याच्या रक्तात जो प्रतिकार तयार होतो तो माणसासाठी वापरायचा. म्हणजे गवत कापणाऱ्याचा जीव वाचवणारी लसही गवत खाणाऱ्या घोड्याकडूनच येते. अर्थात ती लस माळापर्यंत वेळेवर पोचली तर.

आता १९४५ कडे येऊ. त्या वर्षी ७ जानेवारीला टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव भागातले काही वारली तिथं आले होते. २३ मे रोजी त्याच भागात झरी या गावी वारल्यांची मोठी सभा झाली. शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर हे त्या चळवळीचे पुढारी. गोदावरीबाई पुण्याच्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या, भारत सेवक समाजात काम केलेल्या. शहरातली शिकलेली बाई रानातल्या पाड्यांवर जाऊन राहते, वारल्यांची बोली समजून घेते, हे त्या काळी नवल होतं. झरीच्या सभेत ठरलं की वेठ करायची नाही. आणि पावसाळ्याच्या आत त्या मुलखातली वेठ खरोखरच मोडत गेली. पिढ्यान् पिढ्या चाललेली गोष्ट काही आठवड्यांत मोडावी, याचं कारण एवढंच की ती कुठल्याही कायद्यावर उभी नव्हती. ती भीतीवर उभी होती.

मग आला गवताचा हंगाम. मागणी साधी होती: ५०० रत्तल गवत कापण्याबद्दल अडीच रुपये. अडीच रुपये म्हणजे ४० आणे, म्हणजे साडेबारा रत्तल गवतामागे एक आणा. आता मघाशी सांगितलेला ५०० रत्तलांचा वाटा आठवा. ट्रामच्या तेहतीस-चौतीस घोड्यांचं ते एका दिवसाचं गवत. एवढ्या गवताला अडीच रुपये मजुरी, आणि तीही जमीनदारांना आणि गवताच्या व्यापाऱ्यांना जड वाटली. वारल्यांनी विळे खाली ठेवले.

इथं गवताची ती खोड कामाला आली. गिरणीचा संप असेल तर कापूस गोदामात पडून राहतो, यंत्रं थांबतात, पण माल नासत नाही. मालक दोन महिने वाट पाहू शकतो. गवत तसं नाही. हस्त संपून चित्रा लागलं, की दर दिवसाला काडी कडक होत जाते. जमीनदाराला वाट पाहता येत नव्हती. एरवी सगळ्या गोष्टींत दुबळा असलेला माणूस वर्षाच्या त्या तीन आठवड्यांत मात्र दुबळा नव्हता. आणि पाऊस जितका चांगला, माळ जितका भरलेला, तितका तो अधिक बळकट. हे वारल्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नसेल. गवत त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं.

१० ऑक्टोबर १९४५. आश्विनातलं नवरात्र चालू होतं. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात तलवाडा येथे हजारो वारली जमा झाले. गोदावरीबाईंची सभा आहे, असा निरोप पाड्यापाड्यांवर गेला होता. सभा मुळात ठरलेलीच नव्हती. तो खोटा निरोप जमीनदारांच्या माणसांनी पसरवला, असं किसान सभेचं म्हणणं. दंगलीची भीती घालून पोलिसांना आधीच बोलावण्यात आलं होतं. जमावावर गोळीबार झाला. पाच माणसं मेली. त्यांत पहिला जेठ्या गांगड. गोळ्या सुटल्यावरही लोक लगेच पांगले नाहीत. आपल्या पुढाऱ्याच्या जिवाला धोका आहे, अशी त्यांची समजूत होती, म्हणून ते रात्रीपर्यंत तिथंच उभे राहिले.

गवताच्या मजुरीसाठी माणसं मेली, ही बातमी मुंबईत पोचली असेल तेव्हा तबेल्यातल्या म्हशींपुढं चारा टाकणाऱ्या किती जणांना ती आपल्या गव्हाणीतली गोष्ट वाटली असेल? मला वाटतं, फार थोड्यांना. शहर आणि माळ यांच्यामध्ये व्यापारी असतो, रेल्वेचा डबा असतो, बंदर असतं, आणि गवत बंदरावर उतरलं म्हणजे त्यावर कुणाचंच नाव लिहिलेलं नसतं.

संप गोळीबारानं मोडला नाही. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, गवताच्या दराबरोबर जंगलातल्या लाकूडतोडीच्या मजुरीचाही प्रश्न उभा राहिला आणि चळवळ आणखी पसरली. सरकारनं पुढाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार केलं. गोदावरीबाईंनी पुढं हा सगळा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. ते १९७० मध्ये निघालं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिक्षक बंधुभगिनींनी शाळेच्या कपाटात ते जरूर ठेवावं. आठवी-नववीची मुलं ते वाचू शकतात.

याच सुमारास, याच मुंबईच्या दुधापायी, गुजरातेत एक दुसरी गोष्ट घडत होती. मुंबई सरकारनं १९४५ मध्ये आणंदहून शहराला दूध आणायची योजना सुरू केली. तिथल्या शेतकऱ्यांना मिळणारा भाव आणि मुंबईतला भाव यांत मोठं अंतर. जानेवारी १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या सामरखा गावी सभा झाली आणि शेतकऱ्यांनी पंधरा दिवस व्यापाऱ्याला दूध घातलंच नाही. दूध तर गवतापेक्षाही नाशवंत. व्यापारी नमला, आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी शेतकऱ्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. आज देशभर ‘अमूल’ म्हणून ओळखतात तो हाच.

दोन्ही ठिकाणी शहर तेच. दोन्ही ठिकाणी नासणारा माल थांबवून गरीब माणसानं भाव मागितला. मग एका ठिकाणी एवढी मोठी संस्था उभी राहिली, आणि दुसऱ्या ठिकाणी दर हंगामाला तोच झगडा पुन्हा पहिल्यापासून का करावा लागला? मला याचं उत्तर साधं दिसतं. खेड्याच्या शेतकऱ्याची म्हैस त्याची स्वतःची होती. दूध त्याचं होतं, ते कुणाला घालायचं हे तो ठरवू शकत होता. माळावरच्या वारल्याचा विळा तेवढा त्याचा होता. गवत त्याचं नव्हतं, जमीन त्याची नव्हती. तो काम थांबवू शकत होता, पण गवत विकू शकत नव्हता. खेड्यात पुढाऱ्यांचा पाठिंबा होता आणि तलवाड्यात गोळ्या होत्या, हाही फरक आहेच, तो मी लहान मानत नाही. पण तो बाजूला ठेवला तरी पहिला फरक उरतोच.

हेच पुढं पारडीला दिसून आलं. त्या वेळच्या सुरत जिल्ह्यातला हा तालुका, आपल्या सीमेला जवळजवळ लागून. तिथंही जमीनदारांनी मोठमोठे माळ गवताखाली ठेवले होते, कारण मुंबईचा बाजार रेल्वेनं जवळ होता आणि गवताला कूळ लागत नव्हतं. १ सप्टेंबर १९५३ रोजी आदिवासी त्या गवताळ जमिनीत शिरून ती खणू लागले. प्रजा समाजवादी पक्षाचे ईश्वरभाई देसाई आणि अशोक मेहता यांनी हा सत्याग्रह चालवला. मागणी आता गवताच्या मजुरीची नव्हती. मागणी अशी होती की जिथं माणसं उपाशी आहेत तिथं गवत नको, धान्य पिकवू द्या. कित्येक जण तुरुंगात गेले. त्याचा निकाल लागायला १९६७ साल उजाडलं. तेव्हा हितेंद्र देसाई गुजरातचे मुख्यमंत्री होते. चौदा वर्षं, म्हणजे गवताचे चौदा हंगाम.

इकडे मुंबईचं चित्र बदलत होतं. शहराच्या मध्यभागी म्हशींचे तबेले नकोत, असं आरोग्यखात्याचं म्हणणं फार दिवसांचं. १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी उभी राहू लागली. दारा खुरोडी हे त्या योजनेचे सूत्रधार. १९६३ साली त्यांना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे १५ हजार म्हशी तिथं हलवायच्या होत्या. तिथं पॅरा नावाचं गवत पाणी देऊन बारमाही पिकवू लागले. ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री कायमची बंद झाली. हौसेची उरलेली व्हिक्टोरियाही २०१५ मध्ये हायकोर्टानं बेकायदा ठरवली. रे रोडच्या पूर्वेला जुनी जहाजं मोडायचे धंदे आले, लोखंडाच्या वखारी आल्या. २०१३ मध्ये डोक्यावरून पूर्व मुक्तमार्ग गेला. शिवडीहून जानेवारी २०२४ पासून समुद्रावरचा पूल न्हावाशेव्याला जातो. या सगळ्या उलाढालीत गवताचं बंदर केव्हा ओस पडलं याची कुणी फारशी दखल घेतली नाही.

माळ मात्र अजून आहेत, सगळेच नव्हे. काहींवर कारखाने झाले, काहींवर आंबा-चिकूच्या वाड्या. जे उरले त्यांच्यावर चांगला पाऊस झाला की आश्विनात अजून तसंच गवत डोलतं. कापायला माणसं मिळाली नाहीत तर ते उभंच वाळतं, आणि फाल्गुन-चैत्रात वणव्यात जळून जातं. तलासरी-डहाणू भागात दर वर्षी १० ऑक्टोबरला जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर मेलेल्यांच्या आठवणीसाठी लोक जमतात. गोदावरीबाई गेल्या त्याही ऑक्टोबरातच, ८ तारखेला, १९९६ साली.

शेवटी शिक्षक मित्रांना एक काम सांगतो. तुमच्या गावात सत्तरी ओलांडलेली माणसं असतील. त्यांना विचारा, की गावच्या माळावर पूर्वी कोणकोणतं गवत होतं आणि त्याला ते काय म्हणत. कापणी केव्हा लागत असे, नवरात्राआधी की नंतर. गवत पेंढीवर मोजत, भाऱ्यावर की काट्यावर, आणि मजुरी पैशात मिळे की धान्यात. कापलेलं गवत कुठल्या स्टेशनावर किंवा कुठल्या खाडीच्या धक्क्यावर जात असे. मुलांकडून ही उत्तरं वहीत उतरवून घ्या, गवताचे नमुने जुन्या वर्तमानपत्रात दाबून त्या वहीला जोडा, आणि प्रत्येक नमुन्याखाली तो कापला त्या दिवसाची तिथी लिहा.